अध्यक्ष महोदय

सकाळचे अकरा वाजले की आमच्या शेजारच्या घरात लोकसभा भरते. संसदेचं अधिवेशन चालू असेल तर टीव्हीवरची, नसेल तर तिथले काका स्वतःच भरवतात. सिडकोतली आमची घरं एकमेकांना खेटून, मधली भिंत एका विटेची. त्यामुळे गेली वीस वर्षं मी प्रेक्षक गॅलरीचा फुकट पासधारक आहे.

कॉलनीत त्यांना कोणी नावानं हाक मारत नाही. सगळे 'महोदय' म्हणतात. कारण 'अध्यक्ष महोदय' म्हटल्याशिवाय त्यांना पुढचा शब्दच फुटत नाही, मग समोर दूधवाला का असेना. "अध्यक्ष महोदय, माझा हरकतीचा मुद्दा असा आहे की कालच्या दुधाला साय नव्हती." दूधवाल्यानं वीस वर्षं हे मुकाट्यानं ऐकलं. एकदा मात्र वैतागून म्हणाला, "काका, मग सभागृह तहकूब करू का? मला अजून चाळीस घरं आहेत." त्या दिवसापासून महोदय त्याला मानतात. दिवाळीत त्याच्या फराळाच्या डब्यात एक अनारसा जास्त असतो.

असा एक माणूस तुमच्याही गल्लीत असणार. पांढरा लेंगा, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल, बगलेत विम्याच्या एजंटानं दिलेली डायरी. तीही दोन वर्षांपूर्वीची, कारण चालू सालची डायरी वापरणं त्यांना उधळपट्टी वाटते. शहराचं नाव २०२३च्या फेब्रुवारीत बदललं तेव्हा त्यांच्याकडे जुन्या नावाचे दीडशे लेटरहेड शिल्लक होते. कागद वाया जाऊ नये म्हणून त्यांनी नव्या नावाचा रबरी शिक्का करून आणला आणि दीडशे कागदांवर एका दुपारी बसून मारला. शिक्क्याची शाई जरा जास्त झाली. त्यामुळे त्यांच्या अर्जांवर दोन्ही नावं धड वाचता येत नाहीत, पण उत्तर बरोबर घरी येतं.

पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. सुरुवात मात्र बहात्तरच्या दुष्काळातली. एकविसाव्या वर्षी मस्टर कारकून म्हणून खडी फोडायच्या कामावर गेले. हजेरी घ्यायची, अंगठे घ्यायचे आणि दुपारी सुकडीच्या रांगेत भांडणं होऊ द्यायची नाहीत. ही गोष्ट त्यांनी मला किमान शंभरदा सांगितली आहे. प्रत्येक वेळी ती एकाच जागी येऊन थांबते. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती, त्यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, १९७७ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून लागू. मग छाती पुढे काढून, "आणि पैसा कुठून आला? आमच्या पगारातून. व्यवसाय कर! १९७५पासून कापला. शहरातल्या कारकुनानं खेड्यातल्या मजुराला पोसलं. अशी चर्चा पुन्हा झाली का सभागृहात? सांगा!" मी काय सांगणार? मला तेव्हा ऑफिसला उशीर होत असतो.

वक्त्यांच्या बाबतीत त्यांचं माप ठरलेलं. १९५७ला इथून स्वामी रामानंद तीर्थ लोकसभेत गेले, तेव्हा महोदय जेमतेम पाच-सहा वर्षांचे होते, तरी बोलतात असे की जणू प्रचाराला होते. १९७७ला बापू काळदाते निवडून आले. त्यांची सभा मात्र खरोखर ऐकलेली. त्यानंतरच्या कोणत्याही भाषणाला त्यांचा शेरा एकच, "आवाज आहे, मुद्दा नाही."

घरात सगळं सभागृहाच्या नियमांनी चालतं. काकू विरोधी पक्षनेत्या. नातवाला शाळेतल्या मार्कांबद्दल विचारायचं असेल तर तो तारांकित प्रश्न, उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं, वर उपप्रश्न येतील याची तयारी ठेवायची. पुण्यातल्या मुलाला विचारलेले सगळे प्रश्न अतारांकित. त्याचं व्हॉट्सॲपवर लेखी उत्तर आलं की ते मोठ्यानं वाचून 'पटलावर ठेवलं' जातं. टीव्हीखालच्या टेबलाला ते घरात पटलच म्हणतात, चष्मासुद्धा पटलावर असतो. सुनेनं एकदा रागाच्या भरात काही म्हटलं, तर महोदय शांतपणे म्हणाले, "हे शब्द कामकाजातून काढून टाकावेत." सून म्हणाली, "काढा, पण कुकर तुम्ही लावा." त्या दिवशी खिचडी लागली. म्हणजे खालून लागली.

काकूंनी साडीचा विषय काढला की ते राज्यघटनेवर जातात. ४१वं कलम, मार्गदर्शक तत्त्वं. बेकारी, म्हातारपण, आजारपण, अपंगत्व, यात राज्यानं लोकांना साहाय्य करावं, पण कसं? आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. "घटनाकारांनासुद्धा ती अट घालावी लागली," असं म्हणून ते पाकीट पुन्हा खिशात घालतात. काकू म्हणतात, "घटनाकारांच्या बायकोला विचारलं असतं तर अट निघाली असती."

हे सभागृह एकाच गोष्टीनं तहकूब होतं. नळ आल्यावर. आमच्याकडे पाणी आठवड्यातून एकदा येतं, आणि येतं तेही ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा. लाईनमनचा फोन आला की मग प्रश्नोत्तराचा तास असो नाहीतर विश्वासदर्शक ठराव, महोदय लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून टाकीवर. धरणं आणि पाट यांत हयात गेलेल्या माणसाला स्वतःच्या टाकीसाठी धावताना बघून मला हसू येतं. त्यांना येत नाही. "जायकवाडीत किती टक्के पाणी हे सगळे सांगतात," ते वरून ओरडतात, "टेलला किती पोचलं ते सांगा!"

हा 'टेल' त्यांचा जुना शब्द. चारीचं शेवटचं टोक. वरच्या अंगाला उसाला पाणी, खाली टेलच्या शेतकऱ्याला पाटकरी नुसती तारीख देणार. चौतीस वर्षं त्यांनी टेलच्या तक्रारी आवक-जावकला लावल्या. त्यामुळे कुठलाही कायदा, कुठलीही योजना त्यांच्या डोक्यात पाट होऊनच शिरते. वर किती सोडलं, मधे किती मुरलं, टेलला काय.

डिसेंबर २०२३ची ती चर्चा मला भिंतीपलीकडून पाठ आहे. तीन फौजदारी विधेयकं होती. लोकसभेत मंजूर झाली २० तारखेला, राज्यसभेत २१ला. महोदयांनी शाल पांघरली, थर्मास भरून घेतला आणि जाहीर केलं की आज कोणी मेलं तरी मला उठवू नका. काकू लग्नाला गेल्या होत्या. दूध उतू गेलं, खालच्या मजल्यापर्यंत वास आला. मी धावत गेलो तर हे टीव्हीसमोर, डोळ्यांत पाणी. मला वाटलं दुधाच्या धुरानं.

"बाकं बघा," म्हणाले. "दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ निलंबित. जुने कायदे बदलायचे, नुसती नागरिक सुरक्षा संहिता ५३१ कलमांची, आणि प्रश्न विचारायला माणूस नाही. गृहमंत्री म्हणतात, भर दंडावर नाही, न्यायावर. चांगलं आहे. पण अहो, न्याय कोणाला, असं विचारणारा एक तरी समोर पाहिजे की नको?" मग त्यांनी निलंबित झालेल्यांना झोडपलं, निलंबित करणाऱ्यांना झोडपलं, आणि शेवटी गॅस बंद केल्याबद्दल माझे आभार मानणारा ठराव मांडला. 'होयचे बहुमत, होयचे बहुमत' असं दोनदा म्हणून मंजूरही केला. मी पातेलं घासलं.

त्यांचा खरा विषय मला त्या दिवशी कळला. इतकी वर्षं मी त्यांना नुसते संसदेचे शौकीन समजत होतो, जसे काही लोक रणजीचे असतात. पण त्यांच्या डायऱ्यांमध्ये एक धागा होता, लाल पेनाचा. ज्याला मार बसला, ज्याचं घर फुटलं, जिच्यावर प्रसंग ओढवला, त्या माणसाचं नाव कायद्यात कुठं येतं, याची नोंद. "२२वं कलम अटक झालेल्यासाठी," ते म्हणतात, "असलंच पाहिजे. पण ज्यानं मार खाल्ला त्याच्यासाठी कितवं? तो आपल्याच खटल्यात साक्षीदार. समन्स आलं की यायचं, तारीख पडली की जायचं." फौजदारी प्रक्रिया संहितेत 'पीडित' या शब्दाची व्याख्या आली ती २००८च्या दुरुस्तीनं, तीही डिसेंबरातल्या गोंधळात, चर्चेविना. ती लागू झाली ३१ डिसेंबर २००९ला. "वर्षाच्या शेवटच्या दिवशी!" महोदय म्हणतात. "लोक केक कापत होते आणि इकडे पीडित जन्माला आला. बारशाला कोणी नाही." नुकसानभरपाईचं ३५७-अ कलम त्याच दुरुस्तीतलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ३९६ झालं. ॲट्रॉसिटी कायद्यात पीडितांच्या हक्कांचं वेगळं प्रकरणच २०१५च्या दुरुस्तीनं आलं, तेही त्यांच्या डायरीत आहे, दोनदा अधोरेखित.

ही विद्वत्ता माझ्या घरावर येऊन आदळेल असं काही वाटलं नव्हतं. २०२४ची नागपंचमी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई फिरायला गेली असताना मोटारसायकलवरच्या दोघांनी तिचं गंठण ओढून नेलं. मानेला ओरखडा आला, आई रस्त्यात बसली. बातमी कॉलनीभर झाली. बायका आल्या, कोणी हळद लावली, कोणी 'सोनं गेलं पण जीव वाचला' म्हणालं. मग महोदय आले. आईकडे बघितलं आणि विचारलं, "वहिनी, तुम्ही पीडित आहात, हे तुम्हाला माहीत आहे का?"

आई म्हणाली, "कालपर्यंत नव्हते."

ते आमच्याबरोबर पोलीस ठाण्यात आले. कोणी बोलावलं नव्हतं. समोरचे हवालदार निवृत्तीला टेकलेले, चांगला माणूस, आईला आधी खुर्ची दिली, पाणी दिलं. महोदय म्हणाले, "कलम ३०४ लावा." हवालदार दचकून उठले. "कोण मेलं?" बिचाऱ्यांची सगळी नोकरी जुन्या कलमांत गेलेली. जुन्या दंड संहितेत ३०४ म्हणजे सदोष मनुष्यवध, नव्या न्याय संहितेत ३०४ म्हणजे हिसकावून चोरी. पूर्वी तो वेगळा गुन्हा नव्हताच, चोरीत नाहीतर जबरी चोरीत बसवायचे. हे सगळं महोदयांनी वीस मिनिटं उभं राहून समजावलं. तोवर मागं रांग लागली. हवालदारांनी हळूच मला विचारलं, "वकील आहेत का?" मी म्हणालो, "नाही, शेजारी आहेत." ते म्हणाले, "मग अवघडंय."

फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय त्यांनी आम्हाला हलू दिलं नाही. घरी येऊन आमच्या कालनिर्णयावर, दुधाच्या खुणांच्या मधोमध, ८ नोव्हेंबरच्या चौकटीत लाल पेनानं लिहिलं, ९०. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३. नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे पोलिसांनी फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं. मेसेज केला तरी चालतो. "रोज फक्त तारखेकडे लक्ष ठेवा," आईला म्हणाले. आईनं ठेवलं. गणपती बसले, उठले, दसरा झाला, आणि आई मधेच म्हणायची, "एकोणपन्नास झाले."

मधल्या काळात मला एका मंगळवारी अदालत रोडला काम निघालं. न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. त्याच्या अलीकडच्या बाकावर महोदय बसलेले. मांडीवर डायरी, शेजारी वाळूजकडची एक बाई, पदरानं चेहरा पुसत. तिच्या नवऱ्याला सेकंड शिफ्ट करून येताना रात्री कोणीतरी अडवून मारलं होतं, पैसे, मोबाइल गेला, हात दोन ठिकाणी मोडला, घाटी रुग्णालयात ॲडमिट. मारणारे कोण, पत्ता नाही.

"आरोपीच नाही सापडला," बाई म्हणत होती, "तर पैसे देणार कोण साहेब?"

"सरकार."

बाई हसली. रडता रडता माणूस हसतो तसं. महोदय अजिबात हसले नाहीत. आरोपी सापडला नाही, ओळख पटली नाही, खटला उभा राहिला नाही, तरी पीडिताला प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि दोन महिन्यांत चौकशी संपवायची असते, हे त्यांनी तिला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा चहावाल्यालाही ऐकू जाईल असं. मग त्यांना राहवलं नाही. "न्यूझीलंडनं हे १९६३ला केलं! जगात पहिलं!" चहावाला म्हणाला, "न्यूझीलंडचं बॉलिंग भारीच आहे." महोदयांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत.

मग लक्षात आलं की हे दर मंगळवारचं आहे. आधार कार्ड, फिर्यादीची प्रत, घाटीची कागदपत्रं, पासबुकाची झेरॉक्स, हे सगळं नीट लावून द्यायचं, टाचणी स्वतःची. बायकांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो, ते सांगायचं. अत्याचार सोसलेल्या, मनोधैर्य योजनेतल्या बाईशी ते स्वतः बोलत नाहीत. काकूंना बोलावतात. काकू रिक्षा करून येतात, बाकावर बसतात आणि कलमाचं एकही अक्षर न बोलता अर्धा तास त्या मुलीचा हात हातात धरून बसतात. विरोधी पक्षाचं सहकार्य म्हणतात ते हे.

निराधार योजनेवरून मात्र ते अजून भडकतात. आमच्या भाजीवाल्या मावशी विधवा, मुलगा बघत नाही. महोदयांनी संजय गांधी निराधारचा अर्ज भरायला घेतला. उत्पन्नाची अट वर्षाला एकवीस हजार. त्यांनी भाजीच्या पिशवीवरच भागाकार केला. "महिन्याला साडेसतराशे! म्हणजे रोजचे अठ्ठावन्न रुपये. त्याहून जास्त मिळवलं की निराधार नाही. मावशी, तुम्ही जिवंत कशा आहात हाच तुमच्याविरुद्ध पुरावा आहे." मावशी म्हणाल्या, "मग काय, मेल्यावर भरायचा का अर्ज?" २०२३ला अनुदान हजाराचं दीड हजार झालं तेव्हा ते पेढे घेऊन आले होते, पेढा हातात ठेवून म्हणाले, "वाढ झाली, अट तशीच. धरणाची उंची वाढवली, पाटाचं तोंड तेवढंच." पेढा गोड लागला नाही, पण मी दोन खाल्ले. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना मावशींचे कागद दोनदा गहाळ झाले. कुठल्या कार्यालयात ते सोडा, पण तिसऱ्या वेळी महोदय लेटरहेडवर दोन्ही नावांचा अर्ज घेऊन स्वतः गेले आणि टेबलासमोर म्हणाले, "अध्यक्ष महोदय, ही लक्षवेधी सूचना." टेबलावरच्या पोरीनं घाबरून कागद शोधले. ते तिच्याच ड्रॉवरमध्ये होते.

त्या वाळूजच्या बाईला पुढं मदत मंजूर झाली. किती, ते तिनं सांगितलं नाही. आणि माणसाच्या पासबुकात डोकावणारे महोदय, माझा पगार भर चौकात विचारणारे महोदय, त्यांनी ते विचारलंही नाही. मी कुतूहल दाखवलं तर म्हणाले, "औचित्याचा मुद्दा आहे."

८ नोव्हेंबर उजाडला. भाऊबीज होऊन पाच दिवस झाले होते, तुळशीचं लग्न व्हायचं होतं, आणि विधानसभेच्या निवडणुकीचा धुरळा. सकाळी दहाला महोदय इस्त्रीचा सदरा घालून दारात. "चला वहिनी. नव्वद." मी म्हणालो, "काका, सगळं ठाणं बंदोबस्तात असेल." ते म्हणाले, "गणपूर्ती नसली तरी आपण हजर राहायचं."

ठाणे अंमलदार म्हणाले, साहेब बाहेर आहेत, चारला या. आम्ही चारला गेलो. सहाला या म्हणाले. सहाला गेलो. आई दोन्ही वेळा डबा घेऊन आली होती, दुसऱ्या डब्यात चकल्या होत्या. सव्वासातला एक तरुण फौजदार आला, दिवसभराच्या उन्हानं रापलेला. महोदयांनी तोंड उघडून 'अध्य...' म्हणायच्या आत तो म्हणाला, "१९३ ना काका? बसा." त्यानं फाइल काढली, दोन पानं उलटली, मोबाइल घेतला. आईच्या पिशवीत टिंग वाजलं.

आईनं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. गुन्हा क्रमांक, तारीख आणि पुढं तीन शब्द. तपास सुरू आहे.

महोदय क्षणभर काही बोलले नाहीत. मग त्यांनी मोबाइल हातात घेतला, लांब धरून पुन्हा वाचला आणि म्हणाले, "वहिनी, टेलला पाणी आलं."

"पाणी कसलं भाऊजी," आई म्हणाली, "नुसती ओल आहे." आणि फौजदारापुढं चकल्यांचा डबा सरकवला.

गंठण अजून सापडलेलं नाही. मेसेजची प्रिंट महोदयांनी काढून घेतली आणि डायरीत चिकटवली. तिच्या कडेला लाल पेनानं लिहिलं आहे, 'उत्तर समाधानकारक नाही, उपप्रश्न राखीव.' आई हल्ली अधूनमधून काकूंबरोबर अदालत रोडला जाते, डबा घेऊन.

तुमचं काही काम असेल तर या, पण अधिवेशन चालू असताना अकरा ते बारा बेल वाजवू नका, दार उघडणार नाहीत. आणि मंगळवारी तर येऊच नका. मंगळवारी ते लोकसभेला दांडी मारतात.